बाळाच्या झोपेचा स्कोअर ६१ : पास की नापास?

चिंगीची_आई | १२ जानेवारी, पहाटे ५:१०

वेळ बघितलीत ना? म्हणजे प्रश्न काय असणार ते कळलंच असेल.

आमची चिंगी परवा पाच महिन्यांची झाली. लालबागची जुनी इमारत, दुसरा मजला, वन बीएचके, माणसं पाच. धाकट्या दिरांनी न्यू जर्सीहून भेट पाठवलीय : कॉटच्या वर लावायचा कॅमेरा आणि पायात घालायचा मोजा. मोजा नाडीचे ठोके आणि ऑक्सिजन दाखवतो, कॅमेरा रात्रभर टक लावून बसतो आणि सकाळी ॲपवर शंभरपैकी मार्क येतात. काल ६१, परवा ५८. एकदाच ७४ आले होते, त्या दिवशी नवऱ्याने ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. त्याच्या टीममधल्या एकाचं बाळ म्हणे ८५च्या खाली उतरतच नाही.

ॲपचं म्हणणं : एकूण झोप ११ तास २० मिनिटं, रात्री पाचदा जाग, झोपायची वेळ 'फार उशिराची'. महिन्याभरात माझी २६ आठवड्यांची रजा संपतेय, त्याच्या आत काहीतरी घडी बसावी असं वाटतंय. सासूबाई म्हणतात, "पाणी आलं की उठते ती, त्यात यंत्राने काय सांगायचंय?" त्यांना सगळ्याच गोष्टींचं कारण पाण्यात सापडतं, ते सोडा.

तर हे यंत्र झोपेची गुणवत्ता खरंच मोजतं का? कुणी वापरलंय? ६१ला घाबरायचं का?

साडेआठची_लोकल | १२ जानेवारी, सकाळी ८:४१

घरात माणसं पाच आणि परीक्षा एकट्या चिंगीची? माझ्या झोपेचे मार्क काढले तर एटीकेटी नक्की. (ठाणे ते भायखळा, उभ्याने.)

मुलुंडची_मैना | १२ जानेवारी, सकाळी १०:२०

वापरलंय, विकलंय, सुटलेय.

आमच्याकडे नुसता कॅमेरा होता. पहिल्या आठवड्यात मजा वाटली. मग रात्री जाग आली की आधी फोन, मग लेकरू. लेकरू शांत झोपलेलं असायचं आणि ते झोपलंय ना, हे बघायला मी जागी. मोठ्या माणसांत हातातल्या घड्याळाचे आकडे बघून झोप बिघडवून घेणाऱ्यांसाठी २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच काढला. आमच्या घरात तो मुलाच्या आकड्यांवरून मला झाला.

विकलं त्या रात्री मुलगा चारदा उठला. मीही चारदाच उठले. आधी नऊदा उठायचे.

आण्णा_गिरगावकर | १२ जानेवारी, दुपारी १:०५

आमची तीन मुलं चाळीतल्या एका खोलीत झोळीत वाढली. झोळीची दोरी बायकोच्या पायाच्या अंगठ्याला. मूल हललं की दोरी हलायची, दोरी हलली की अंगठा. ना चार्जिंग ना सबस्क्रिप्शन.

अवांतर : बाळावर कान ठेवणारं यंत्र आजचं नाही. अमेरिकेत १९३२ साली वैमानिक लिंडबर्गचं मूल पळवून मारलं गेलं, त्या धास्तीनंतर झेनिथ कंपनीने १९३७ साली 'रेडिओ नर्स' काढली. तिचा बेकेलाइटचा डबा इसामू नोगुची या शिल्पकाराने घडवला होता, नर्सच्या चेहऱ्यासारखा. आज तो संग्रहालयांत ठेवतात. तुमचा मोजा कोण ठेवणार?

कांदेपोहे | १२ जानेवारी, दुपारी १:३०

आण्णा, वहिनींच्या अंगठ्याच्या झोपेचा स्कोअर किती होता? (हलकेच घ्या.)

बालवैद्य | १२ जानेवारी, रात्री ११:१५

ओपीडी उरकून बसलोय, त्यामुळे जरा लांबेल.

झोपेची 'गुणवत्ता' आम्ही मोजतो तेव्हा काय करतो ते आधी सांगतो. डोक्याला तारा लावून मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, श्वास, छातीपोटाची हालचाल, ऑक्सिजन, हे सगळं रात्रभर एकत्र नोंदवतो. याला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. तुमच्या कॅमेऱ्याला यातलं दिसतं काय? हालचाल. मोज्याला कळतं काय? ठोके, ऑक्सिजन आणि पुन्हा हालचाल. बाकी सगळा अंदाज. बाळ निपचित असेल तर झोपलंय, वळवळलं तर जागं, असा हिशेब.

पाच महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब हमखास चुकतो. तान्ह्या बाळाची निम्मी झोप 'सक्रिय' असते : पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, कण्हल्यासारखा आवाज येतो, हातपाय उडतात, मधेच हसतंसुद्धा. आपल्याकडे म्हणतात ना, सटवाई हसवते? ती हीच झोप. सहा महिन्यांपर्यंत तिचं प्रमाण हळूहळू कमी होत जातं. झोपेचं एक चक्र जेमतेम ५० ते ६० मिनिटांचं, मोठ्यांचं दीड तासाच्या आसपास. म्हणजे रात्रभर दर तासाला एकदा बाळ झोपेच्या काठावर येतं. तिथे ते वळवळतं, ॲप 'जाग' लिहितं, आई धावत जाऊन उचलते आणि मग ते खरंच जागं होतं!

थॉमस अँडर्स नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात बाळांवर रात्रभर व्हिडिओ कॅमेरा लावून हेच बघितलं होतं. १९७९च्या त्यांच्या निबंधात आहे : आईबाप ज्यांना 'रात्रभर झोपतं' म्हणत, तीही बाळं रात्री उठत होती, फक्त न रडता परत झोपत होती. त्यामुळे 'पाचदा जाग' वाचून घाबरू नका.

आता ११ तास २० मिनिटं. चार ते बारा महिन्यांच्या बाळांसाठी अमेरिकन झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली १२ ते १६ तास सांगितलेत, दिवसाच्या डुलक्या धरून. तुमच्या ॲपने मांडीवरची, झोळीतली, रिक्षातली झोप धरलीय का ते बघा. माझी पैज आहे, नसेल धरली.

चिंगीची_आई | १३ जानेवारी, पहाटे ४:५२

डॉक्टर, पैज जिंकलात. दुपारी ती आजीच्या मांडीवर सव्वा तास झोपते. ॲपच्या लेखी तेव्हा ती 'कॉटमध्ये नाही'.

शंकासुर | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

कॅमेरा गंडतो हे मान्य. पण मोजा तर ऑक्सिजन मोजतो, तो आकडा खरा असणार ना? करोनात आपण सगळेच बोटाला चिमटा लावून बसलो होतो.

बालवैद्य | १३ जानेवारी, रात्री १०:५०

तत्त्व तेच. तांबडा आणि अवरक्त प्रकाश कातडीतून सोडायचा, कोणता किती शोषला गेला त्यावरून हिशेब. जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्यांनी १९७४मध्ये ही युक्ती मांडली. पण पाय उडवणाऱ्या बाळाच्या सैल मोज्यात हिशेब बिघडतो. शिवाय २०२०मध्ये अमेरिकेत रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत हे उपकरण खालावलेला ऑक्सिजन जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतं असं दिसलं. तीही रुग्णालयातली उपकरणं.

घरगुती मोज्यांचं म्हणाल तर फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी आउलेट आणि बेबी व्हिडा या कंपन्यांची दोन उपकरणं रुग्णालयाच्या यंत्राशी ताडून २०१८मध्ये निष्कर्ष छापले. आउलेटने कमी झालेला ऑक्सिजन पकडला, पण दर वेळी नाही. बेबी व्हिडाने एकदाही पकडला नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) आउलेटला बजावलं की असा मोजा म्हणजे वैद्यकीय उपकरण आणि त्याला आमची परवानगी नाही. कंपनीने तो तिथल्या बाजारातून काढला. पुढे नव्या मोज्याला २०२३च्या नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली, तीही निरोगी बाळांसाठी.

यातला एकही मोजा 'बाळाला झोपेत अचानक काही होऊ नये' म्हणून घेऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२च्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय. त्या बाबतीत उपयोगाचं काय? बाळ उताणं, गादी घट्ट आणि सपाट, आसपास उशी-दुलई-लोड नाही, आईच्याच खोलीत पण स्वतःच्या जागेवर, घरात विडी-सिगरेट नाही.

मुलुंडची_मैना | १३ जानेवारी, रात्री ११:२०

डोक्याखाली मोहरीची उशी, अंगावर दुपटं, दोन्हीकडे लोड. आमच्या बाळंतविड्यात या यादीतलं सगळं नको-नको ते होतं.

लोअर_परळी | १३ जानेवारी, रात्री ११:४८

'स्वतःच्या जागेवर' हे वाचून हसू आलं. १८० चौरस फुटांत सहा जणं राहतो आम्ही. नवऱ्याला स्वतःची जागा नाही, बाळाला कुठून देऊ?

बालवैद्य | १४ जानेवारी, सकाळी ७:३०

परळीताई, खरं आहे. जमिनीवर वेगळी छोटी घट्ट गादी, तुमच्या हाताच्या अंतरावर. एवढं जमलं तरी पुष्कळ. निदान दोघांच्या मध्ये, त्याच पांघरुणात नको. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोप लागणं सगळ्यात वाईट, ते बाबांनाही सांगा.

वायरमन | १४ जानेवारी, दुपारी २:१०

तांत्रिक बाजू कुणी मांडली नाही म्हणून.

१. बहुतेक बेबी मॉनिटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. लालबागच्या इमारतीत वायफायची यादी उघडून बघा, वीस-पंचवीस नावं सहज. मधे मधे फीड तुटला की कित्येक ॲप तो वेळ झोपेत धरतात की जागेपणात, देव जाणे.

२. गादीखाली ठेवायचा सेन्सर पॅड असेल तर पंख्याचं कंपन त्याला श्वासासारखं वाटू शकतं. आणि झोळीत मोजा लावलात तर मग विचारूच नका. आपण झोका देतो, यंत्र समजतं बाळ नाचतंय. आण्णांची दोरी बरी.

३. पासवर्ड. डब्यावर छापलेला तसाच ठेवू नका. दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू करा, कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाका, अपडेट टाळू नका. खोलीत आई अंगावर पाजत असते आणि चित्र जातं परदेशातल्या सर्व्हरवर. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल असं म्हटलंय. ती आपण 'आय ॲग्री'वर बोट ठेवून न वाचता देतो.

चिंगीच्या आईला सल्ला : स्कोअर बघूच नका. ॲपमध्ये आवाजाची आणि हालचालीची वेळेनुसार नोंद असते. आठवडाभर फक्त वेळा कागदावर उतरवा. यंत्र गुणवत्तेत कच्चं असेल, घड्याळ त्याचं पक्कं असतं.

दोन_पिल्लांची_आई | १४ जानेवारी, रात्री १०:०५

इथे सगळे हसतायत, हसा. पण दुसरी बाजूही येऊ द्या.

माझी जुळी ३० आठवड्यांवर आली. धाकटा श्वास घ्यायचा विसरायचा. खरंच विसरायचा. मॉनिटर वाजला की नर्स टाचेवर टिचकी मारायची आणि तो दचकून परत सुरू व्हायचा. कॅफीनचं औषध चालू होतं, हो, कॉफीतलंच. सात आठवडे आम्ही त्या हिरव्या रेघेकडे बघत जगलो. घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेलं मॉनिटर बरोबर होतं, दुकानातला मोजा नव्हे. पहिल्या रात्री ते अकरा वाजता बंद करून झोपा असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला ते किंचाळलं. नवरा दिवा लावायला धावला, तो पंख्याच्या बटणांवरच हात मारत बसला. मी पोराला उचललं, तो गुलाबी, गरम, वैतागलेला. सेन्सर निघून दुपट्यात गेला होता. सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "आधी मूल बघायचं, मग यंत्र. रंग, श्वास, अंगातली ताकद." ते वाक्य मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. आज पोरं चार वर्षांची आहेत आणि झोपत दोघंही नाहीत.

ज्यांना डॉक्टरांनी दिलंय त्यांना चिडवू नका, एवढंच.

मुलुंडची_मैना | १४ जानेवारी, रात्री १०:३०

दोन_पिल्लांची_आई, तुला घट्ट मिठी. माझा रोख तुझ्यासारख्यांवर अजिबात नव्हता.

आण्णा_गिरगावकर | १५ जानेवारी, सकाळी ६:१५

माझाही नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या चाळीत तेव्हा सगळीच मुलं जगली असंही नाही. दोरीचं कौतुक करताना ते सांगायचं राहिलं.

साडेआठची_लोकल | १५ जानेवारी, सकाळी ८:४४

'झोपायची वेळ फार उशिराची' यावर कुणी बोललंच नाही. ॲपला किती वाजता हवीय?

चिंगीची_आई | १५ जानेवारी, दुपारी ३:००

सात! नवरा घरी येतो पावणेनऊला. मग बाप-लेकीचं अर्धा तास गुलुगुलु चालतं. दहाच्या आत कुणी झोपत नाही.

शंकासुर | १५ जानेवारी, दुपारी ४:२०

मग हे वाचा. २०१० साली १७ देशांतल्या २९ हजारांवर लहान मुलांच्या झोपेची पाहणी छापून आली, त्यात भारतही होता. झोपायची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये संध्याकाळी ७:२७ आणि हाँगकाँगमध्ये रात्री १०:१७. एकूण झोप जपानमध्ये ११.६ तास, न्यूझीलंडमध्ये १३.३. चिंगी हाँगकाँगच्या वेळेवर आहे, ॲप न्यूझीलंडच्या. स्वतंत्र खोली, स्वतंत्र कॉट, साडेसहाला आंघोळ अशा घरातल्या बाळांवरून ॲपने पट्टी आखली असेल, तर लालबागला ६१ मिळणं हे मला डिस्टिंक्शन वाटतं.

बालवैद्य | १५ जानेवारी, रात्री ११:००

शंकासुर, टाळ्या. फक्त एक पुस्ती : वेळ उशिराची असली तरी रोज साधारण तीच असावी, आणि सकाळी उशिरापर्यंत झोपायला मिळावं. दहाला झोपून पाचला उठणं रोजचंच झालं तर मात्र बघायला हवं. 'रात्रभर सलग' या अपेक्षेचंही सांगतो. कॅनडातल्या २०१८च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या सुमारे ३८ टक्के बाळांनी सलग सहा तासही झोप घेतली नव्हती, आणि त्यामुळे त्यांची वाढ मागे पडल्याचं काही दिसलं नाही.

कांदेपोहे | २२ जानेवारी, रात्री १०:४०

आमच्या गल्लीत माघी गणपतीचा ढोल आत्ता थांबला. रहिवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबल. आमच्या बाळाने त्या ढोलावर ठेका धरून झोप काढली आणि ढोल थांबल्यावर उठलं. आता मी काय वाजवू?

वायरमन | २२ जानेवारी, रात्री ११:०५

बाळ झोपावं म्हणून सरसर आवाज करणारं यंत्र (व्हाइट नॉइज) आणू नका एवढंच सांगतो. २०१४मध्ये अशी १४ यंत्रं तपासली होती. पूर्ण आवाजात ठेवल्यावर एका फुटावरून सगळीच ५० डेसिबलच्या वर गेली, तीन तर ८५च्याही वर. आणायचंच तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अगदी बारीक. ताट वाजवा त्यापेक्षा.

चिंगीची_आई | २५ जानेवारी, रात्री ९:५०

वायरमन, कागद भरला. दहा रात्री. स्कोअरचा रकाना ठेवलाच नाही.

बाराच्या आणि अडीचच्या सुमारास येणारी जाग मागेपुढे होते, तेव्हा ती भुकेली असते, पिते आणि झोपते. पण शेवटची जाग? ४:४१, ४:४३, ४:४०, ४:४८, ४:४२... आठ रात्री अशाच. आणि दर वेळी तिच्या हालचालीच्या आधी मिनिटभर आवाजाची रेघ वर गेलेली. मोठा आवाज नाही, एकसुरी घुंऽऽ.

नवव्या रात्री काहीच नाही, चिंगी थेट ५:५५ला उठली. मी घाबरून आधी मूल बघितलं, मग यंत्र (दोन_पिल्लांची_आई, थँक्यू). त्या दिवशी आमच्या भागात जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं.

पालिकेचं पाणी साडेचारला येतं, खालच्या टाकीत पडतं, दहा मिनिटांनी पंप सुरू होऊन गच्चीवरच्या टाकीत चढतं. त्याचा पाइप आमच्या बेडरूमच्या भिंतीतून जातो आणि कॉट त्याच भिंतीला टेकलेली. आम्हाला वीस वर्षांत तो आवाज ऐकू येईनासा झालाय.

सासूबाईंना दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. "मग मी काय फारसीत बोलत होते?" म्हणाल्या.

साडेआठची_लोकल | २५ जानेवारी, रात्री ९:५८

सासूबाईंचं सबस्क्रिप्शन किती?

चिंगीची_आई | २५ जानेवारी, रात्री १०:१०

फुकट, पण अपडेट रोज येतात.

शंकासुर | २५ जानेवारी, रात्री १०:३०

दहा रात्रींत एकच कोरडी रात्र, पुरावा तोकडा आहे हं. कॉट हलवून बघा.

चिंगीची_आई | ३० जानेवारी, पहाटे ५:४०

हलवली, समोरच्या भिंतीला. त्यासाठी कपाट हॉलमध्ये आलं आणि दीर-नणंदांच्या लग्नातलं सामान गॅलरीत. पाचपैकी तीन रात्री साडेपाचच्या पुढे झोपली, दोन रात्री पंपाबरोबर उठलीच. मोजा काढून ठेवलाय. कॅमेरा आहे, नवऱ्याला ऑफिसातून लेक बघायची असते. स्कोअर दाखवणारं पान त्याच्या फोनवरून घालवलंय, अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही.

वायरमन | ३० जानेवारी, सकाळी ९:१५

पंपाखाली रबरी पॅड आहेत का बघा. जुन्या इमारतींत पंप थेट काँक्रीटवर ठोकलेला असतो, सगळं कंपन पाइपात जातं. चार पॅड आणि पाइपाला एक रबरी जोड, एका दुपारचं काम.

चिंगीची_आई | ३० जानेवारी, दुपारी १:२०

सेक्रेटरींशी बोलले. विषय सप्टेंबरच्या एजीएमच्या अजेंड्यावर घेतो म्हणाले. तोवर चिंगी स्वतः चालत जाऊन पंप बंद करेल.